सुकती

कंपनीने दिलेत आठ शनिवार.
पहिला खोलीतच गेला. एसीची घरघर,
टेबलावर टिश्यूचा डबा,
आणि मी मनातल्या मनात मोजत होतो
आग लागली तर दारापर्यंत किती पावलं.
तीस वर्षं तेच केलंय. सेफ्टी ऑफिसर.

दुसऱ्या शनिवारी हनादी म्हणाली, बाहेर चालू.
उम्म अल क्वैनची खाडी, सकाळचे साडेसहा,
डिसेंबर, म्हणून थंडी म्हणावी इतपत थंडी.
ती अम्मानची, मी वेंगुर्ल्याचा.
मधे कामापुरतं इंग्रजी,
उसन्या बुटांसारखं, दोघांनाही चावणारं.

चालण्याचं एक बरं असतं:
समोरासमोर बसावं लागत नाही.
दोघांचेही डोळे पुढे, पाण्यावर,
आणि आपण गप्प राहिलो तरी
पाय वाळूशी काहीबाही बोलत राहतात.

तीन शनिवार मी तिला सांगितलं
परांचीची उंची, वाऱ्याचा वेग, अहवालाचा क्रमांक.
तिनं ऐकलं.
तुमची चूक नव्हती, असं एकदाही म्हणाली नाही.
ते बाकी सगळे म्हणून झाले होते.
चौकशीनेसुद्धा ठपका पोटकंत्राटदारावर ठेवला होता.
निघताना ती हजेरीचा कागद पुढे करी, कंपनीसाठी.
माझा हात खिशातच.
ती रिकामी रेघ तशीच घडी घालून
पिशवीत ठेवून देई.

पाचव्या शनिवारी सुकती होती.
पाणी लांब गेलेलं, चिखल उघडा,
त्यातून वर आलेली मुळं, बोटाएवढी, हजारो,
जणू अख्ख्या वर्गाला उत्तर येतंय.
कुर्ल्या बिळाच्या तोंडाशी.
आमची सावली पडली की आत.
पलीकडे रोहित पक्षी, अजून राखाडीच,
यंदाची पिल्लं असावीत.

तिनं विचारलं, या झाडाला तुमच्या गावी काय म्हणतात?

तिवर.

घरी रोज फोन होतो.
जेवलीस का, जेवलो, पैसे मिळाले का.
त्याला भाषा लागत नाही.
पण तिवर म्हटलं
आणि त्याच्या पाठोपाठ खाजण आलं, सुकती आली,
कालवं फोडायचा कोयता आला,
आणि मग तो आला.

टेकराज. बावीस वर्षांचा. पोखऱ्याच्या वरचं कुठलंसं गाव.
रोज सकाळी विचारायचा, सर, आज हवा कितना?
मी सांगेन तो आकडा
पेनानं तळहातावर लिहून घ्यायचा.
पट्ट्यांच्या यादीत चाळीस ओळी होत्या.
मी वाचल्या नाहीत.
चहा निवत होता. शेवटच्या पानावर सही केली.
सव्विसाव्या ओळीत, शिवण उसवली आहे, असं
कुणीतरी नीट अक्षरात लिहिलं होतं.
शवागारात मी त्याचा हात उलटा करून पाहिला.
अठरा. पुसट झालेलं, पण अठराच.

हे सगळं मी मराठीत बोललो.
हनादीला अवाक्षर कळलं नसणार.
तिनं अर्थ विचारला नाही.
ती उकिडवी बसली, तिवराचं एक पान खाली वाकवलं,
त्यावर बारीक पांढरं काहीतरी चमकत होतं.
मीठ, मी म्हणालो. हे झाड खारं पाणी पितं
आणि मीठ पानावर काढून ठेवतं.
लहानपणी आम्ही चाटायचो.
तिनं चाटलं. तोंड वेडंवाकडं केलं.
मी हसलो की नाही, सांगता येणार नाही.

बरं वाटलं, असंही नाही.
फक्त परतताना दिसलं
की पाणी वळलंय, मुळांच्या मधून
आवाज न करता आत येतंय,
आणि माझ्या बुटांना घोट्यापर्यंत चिखल आहे.

गाडीपाशी तिनं कागद काढला.
वर अरबी, खाली इंग्रजी, सहा ओळी.
मी वाचला. पहिल्यापासून. एकेक ओळ.
ती पेनाचं टोपण हातात धरून उभी होती.
तारीख चुकली होती, मागच्या शनिवारची.
मी बोट ठेवलं.
तिनं खोडून दुरुस्त केली.

मग मी पेन मागितलं.